पहिलवानाचा वास

सोमवार, ३

महिनाअखेरीला समिती येणार, असं सरांनी आज मला खोलीत बोलावून, दार लावून घेऊन सांगितलं. शुक्रवारी, २८ला, तीन माणसं येतील आणि आमचं काम बघतील. पटलं तर उंदरांची खोली, सूक्ष्मदर्शक आणि मी, तिघंही इथेच राहू. नाही पटलं तर खोली शेजारच्या बेडूकवाल्यांना जाईल आणि मला निरोपाचा चहा मिळेल. उंदरांचं काय होईल ते लिहायला हात धजत नाही.

केस पांढरे झालेत माझे त्या खोलीत. अशी सुखासुखी देते की काय!

घरी आल्याआल्या नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, तू समिती, ऐक. हा नकाशे काढतो, विज्ञानाशी त्याचा संबंध शाळेत असताना तुटला. म्हणजे त्याला कळलं तर कोणालाही कळेल.

सांगितलं असं: उंदीर एकमेकांना ओळखतात ते वासावरून. लघवीच्या एका थेंबात सगळं असतं, नर की मादी, घरचा की परका. आमच्या माद्यांच्या डोक्यावर काचेची इवलीशी खिडकी बसवली आहे. आत मेंदूतल्या वास ओळखणाऱ्या पेशी जाग्या झाल्या की सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या उजळतात. परक्या नराचा थेंब नाकाशी धरला की सगळी वस्ती उजळते. आणि जोडीदाराचा धरला की जवळजवळ अंधार. विसरली म्हणून नाही, पक्कं ओळखते म्हणून. रोजच्या माणसासाठी मेंदू दिवे लावत बसत नाही. हेच आम्हाला सहा जोड्यांवर दाखवायचं आहे.

"म्हणजे मी घरी आलो की तुझ्या डोक्यात अंधार?"

"मिट्ट."

हसला. पण मध्येच दोनदा पाणी प्यायला उठला, तेही ऐन महत्त्वाच्या जागी. म्हटलं, समिती अशी उठली तर मी काय करायचं? तर म्हणे, समितीलाही तहान लागते बाईसाहेब.

गुरुवार, ६

दोन जोड्यांचं काम चोख झालं. परका थेंब, उजेड. घरचा थेंब, अंधार. ताई खूश, म्हणजे मीही खूश. ताई म्हणजे आमच्या उंदीरखोलीचा सांभाळ करणारी. वयाने माझ्याहून लहान आहे, पण सगळे तिला ताईच म्हणतात, सरसुद्धा. पिंजऱ्यांना नावं तिनेच ठेवली आहेत. चौथ्या पिंजऱ्यात राणीसरकार आणि तिचा पहिलवान. हा पहिलवान म्हणजे मान आखडून चालणारा, दुसऱ्याच्या घासावर डोळा ठेवणारा असा दांडगट गडी. राणीसरकार रोज त्याच्या अंगाला चिकटून झोपते. ताई म्हणते, बघा, नाहीतर आमचं घर!

नवऱ्याने आज पट्ट्याला नवीन भोक पाडलं. नकाशाच्या कंपासचं टोक घेऊन ठोकत बसला होता. पोट पार सपाट झालंय लेकाचं. मी गेली पाच वर्षं जिने चढते आहे आणि माझा एक इंच हलत नाही. हा खुर्चीत बसून बारीक होतो. देवाघरचा न्याय, दुसरं काय.

रविवार, ९

सासूबाई येऊन गेल्या. तीन महिन्यांनी आल्या होत्या. दारात चप्पल काढायच्या आधी त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, किती उतरलायस तू!" आणि मग माझ्याकडे बघितलं.

मी आत गेले. चहा ठेवला. चहात साखर घालताना पुन्हा सुरू, "जेवतो ना गं नीट? गालफडं बसलीत त्याची."

आता मात्र माझं डोकं सटकलं. म्हटलं, "आई, मी उपाशी नाही ठेवत त्याला. दोन माणसांचं एकटा खातो. विचारा त्यालाच." तो म्हणाला, "खातो गं आई, भरपूर खातो." तरी त्यांचं समाधान नाही. जाताना जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "कामाचं तुझं चालूच राहील, पण जरा त्याच्याकडे बघ." झालं! म्हणजे मी कामाला जाते हेच मूळ दुखणं. वीस वर्षांत टोमणा मारायची पद्धतही बदलली नाही.

मी रोज बघते त्याला. मला काही वेगळं दिसलं नसतं का?

बुधवार, १२

आज घात झाला.

राणीसरकारला सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. परका थेंब दिला, उजेड. पाणी दिलं, अंधार. पहिलवानाचा थेंब दिला आणि बाई, सगळी वस्ती लख्ख उजळली! मागच्या महिन्यात याच नराच्या थेंबाने हिच्या मेंदूत चिटपाखरू हललं नव्हतं. मी वेड्यासारखी पडद्याकडे बघत राहिले. ताई म्हणाली, "थेंब बदलला असेल." तो फेकून दिला, ताजा घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घेतला. तेच.

जोडीदार परका झाला? असा कसा होईल? रोज एका पिंजऱ्यात झोपतात.

शुक्रवार, १४

सगळ्या नळ्या बदलल्या. सुया उकळल्या. थेंब मी स्वतः गोळा केला. राणीसरकार काही ऐकत नाही, पहिलवान म्हटलं की दिवे लागतात. बाकीच्या पाच जोड्या कशा शहाण्यासारख्या वागतात.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणजे आता गोड बोलणार.

"अहो, एक जोडी बिघडली तर बिघडली. काढून टाका. पाच पुरेत."

"कारण काय लिहू?"

"लिहा, मादी आजारी होती."

"ती ठणठणीत आहे."

"मग लिहा, तांत्रिक अडचण. समिती दोन आठवड्यांवर आली, आता खोलात शिरू नका."

मी नाही म्हटलं. सर वाईट नाहीत, त्यांनाही खोली वाचवायची आहे. पण कारण न कळता एक जोडी उचलून बाहेर फेकायची, तर बाकीच्या पाचांवर तरी कोणी का विश्वास ठेवावा? मीच ठेवणार नाही. सर म्हणाले, "हट्टी आहात." म्हटलं, तेवढ्या भांडवलावर तर इथवर आले.

पण शोधायचं कुठे, हे मात्र अजून कळत नाही.

रविवार, १६

कारण सापडलं असं वाटतं, आणि ते माझ्याच घरात आहे!

आमच्या घरात वासबंदी आहे. सुगंधी साबण नाही, अत्तर नाही, केसांना वासाचं तेल नाही. उंदराचं नाक तीक्ष्ण असतं, माझ्या अंगावरून काहीही गेलं तरी त्याला कळतं. नवऱ्याने ही बंदी लग्नापासून निमूट पाळली. आणि आज सकाळी हा माझ्याजवळ वाकून पेपर मागतो, तर तोंडाला भपकन गोड वास! सडायला आलेल्या सफरचंदांसारखा, थोडा नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा. उशीला तोच. दोन-चार दिवस मला चुकल्यासारखं वाटतच होतं.

"काय लावलंस?"

"कुठे काय?"

"खोटं बोलू नकोस. चघळायचं काही आणलंयस का? फळांच्या वासाचं?"

"अगं, मी काहीच नाही लावलं." त्याने दोन्ही हात वर केले, चोर पकडल्यासारखे.

मी त्याचा साबण हुंगला, दाढीचा फेस हुंगला, खिसे तपासले. काही सापडलं नाही. म्हणजे ऑफिसात खात असणार. एरवी हसून सोडून दिलं असतं, पण इथे माझी खोली पणाला लागली आहे आणि याच्या वासाचे कपडे घालून मी राणीसरकारसमोर बसते आहे! शांतपणे सांगितलं, समिती होईपर्यंत तू बाहेरच्या सोफ्यावर झोप. कपडेही वेगळे धुवायचे.

"मला हाकलतेस?" म्हणाला.

"समिती होईपर्यंत."

उशी घेऊन गेला बिचारा. म्हणाला, बरंच झालं, नाहीतरी रात्री चार-चारदा उठावं लागतं, तुझी झोपमोड होते. मला वाईट वाटलं, पण विरघळले नाही.

मंगळवार, १८

प्रयोगशाळेतच आंघोळ केली. नवे कपडे घातले, ताईने पाकीट फोडून हातात दिले. पहिलवानाचा थेंब दिला. उजेड. तसाच, लख्ख.

मग डोकं चालवलं. वास माझ्या अंगाचा असता, तर पाण्यालाही उजेड दिसला असता. पाण्याला अंधारच आहे. इतर माद्यांसमोर मीच बसते, त्यांना काही होत नाही. म्हणजे गडबड माझ्यात नाही. मग राणीसरकारमध्ये की पहिलवानात?

नवऱ्यावर उगाच आळ घेतला की काय? पण वास तर येतोच आहे, आज सकाळी जास्तच होता. सोफा राहू दे सध्या. संध्याकाळी म्हणाला, डोळे तपासायला हवेत, नकाशावर नदी एकाच्या दोन दिसतात. म्हटलं, चाळिशी उलटून गेली साहेब, दिसणारच. २८ नंतर जाऊ दोघंही.

शुक्रवार, २१

आज मी प्रयोगशाळेत उडी मारली. खरीखुरी. ताई साक्षीदार आहे.

मागच्या महिन्याचा पहिलवानाचा थेंब फ्रीझरमध्ये पडून होता. त्याची आठवण होऊ नये म्हणजे काय! तो राणीसरकारला दिला. अंधार, अगदी पहिल्यासारखा. लगेच आजचा ताजा दिला. उजेड. पुन्हा जुना, अंधार. पुन्हा ताजा, उजेड.

बाई विसरलेली नाही. तिची ओळख शाबूत आहे. बदललाय तो पहिलवान!

सरांना दाखवलं. सर बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "छान आहे. पण का बदलला हे सांगता येतंय?" नाही येत. "मग काढून टाका." मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा. सर म्हणाले, सोमवार म्हणजे सोमवार.

घरी हा सोफ्यावर आडवा होता. मी सगळं सांगत होते, हातवारे करत, आणि हा डोळे मिटून "हं, हं". शेवटी चिडले. तर म्हणाला, "ऐकतोय गं. फक्त थकलोय." खुर्चीत बसून नकाशे काढण्यात एवढं काय थकायला होतं कोण जाणे. पण जेवणाचं ताट तसंच ठेवलं त्याने. दोन माणसांचं खाणारा गडी!

सोमवार, २४

जनावरांच्या डॉक्टरांना सकाळीच बोलावलं. पहिलवानाने त्यांच्या हातावर चढून छाती काढून दाखवली. डॉक्टर म्हणाले, हा तर मस्त आहे. म्हटलं, तरी बघा. वजन केलं तर घटलेलं. डॉक्टरांनी ताईला विचारलं, पाणी किती पितो? ताई म्हणाली, "बाटली सारखी रिकामी होते. मला वाटलं गळते, म्हणून दोनदा बदलली." मग त्यांनी दोन बोटांनी पोट चाचपलं आणि तिथेच थांबले. यंत्राखाली घातल्यावर दिसलं. यकृतात गाठ आहे, बरीच मोठी.

"बाहेरून काहीच कळलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "हिला मात्र कळलं."

सापडलं! काही बिघडलेलं नव्हतं. शरीर आतून बिघडलं की वास बदलतो, आणि राणीसरकारच्या मेंदूने तो सगळ्यांच्या आधी पकडला. ताईने रोज खायला घालून पकडला नाही, मी रोज थेंब घेऊन पकडला नाही. वजन घटलं, पाणी जास्त प्यायला, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही बाटल्या बदलत बसलो. सरांनी उठून हात मिळवला. ही जोडी आता शेवटी नाही, सगळ्यात आधी दाखवायची.

ताई मात्र रडली. पहिलवान तिचा लाडका.

घरी नवऱ्याला दोन उलट्या झाल्या. काहीतरी बाधलं असणार. त्याला लिंबूपाणी दिलं, साखर जरा जास्त घालून, अंगात ताकद यावी म्हणून. उद्या त्याला घरीच राहायला सांगितलंय. मला सकाळी लवकर निघायला हवं, तीनच दिवस उरलेत.

बुधवार, २६

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल सकाळी ताईसमोर भाषणाची तालीम करत होते. म्हणत होते, जोडीदार आजारी पडला की त्याचा वास बदलतो, आणि मादीचा मेंदू त्याला परक्यासारखी दाद देतो. ताई पिंजऱ्याकडे बघत होती. म्हणाली, "म्हणूनच हिने घरटं हलवलं का?"

"कुठे हलवलं?"

"दुसऱ्या कोपऱ्यात. तो जवळ आला की ढकलते. आठवडाभर तो बिचारा एकटाच बाहेर झोपतो."

सफरचंदं. पट्ट्याचं भोक. पाणी. रात्रीचं उठणं. आणि सोफा. हे देवा, सोफा.

डबा तिथेच राहिला. ताई मागून ओरडत होती. रिक्षात बसले की टॅक्सीत, आठवत नाही, भाडं दिलं की नाही तेही आठवत नाही. दार उघडलं तर घरभर तोच वास. हा सोफ्यावर पडलेला, खोल खोल श्वास घेत होता, धावून आल्यासारखा. हाक मारली तर डोळे उघडले, पण मला ओळखलं की नाही कोण जाणे. शेजारच्या शिंपीकाकांनी खाली उतरवायला हात दिला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बोटाला सुई टोचली, यंत्राकडे बघितलं आणि एकदम चार माणसं धावली. साखर एवढी वाढली होती की यंत्राला आकडाच दाखवता येईना. इन्शुलिन, सलाईन. मग बाई मला बाजूला घेऊन विचारू लागल्या. तहान? होती. वजन? उतरलं. नजर? अंधूक.

"तोंडाला फळांसारखा वास येत होता का?"

"हो."

"किती दिवस?"

"दहा."

त्यांनी मान वर करून बघितलं. "तुम्ही काय करता?"

मला सांगवेना. म्हटलं, "उंदीर पाळते."

आजची रात्र नीट गेली तर धोका टळला, म्हणाल्या. सासूबाई बाकावर माझ्या शेजारी बसल्या आहेत. त्यांना म्हटलं, "आई, तुम्हाला दिसलं होतं. मी तुमच्यावर चिडले." त्यांनी माझा हात मांडीवर घेतला. "मी तीन महिन्यांनी बघितलं गं. रोज बघत असते तर मलाही नसतं दिसलं." मग मी रडले, चांगली हमसून हमसून.

गुरुवार, २७

साखर उतरली. सकाळी त्याने डोळे उघडून पहिलं काय विचारलं? "समिती आज की उद्या?"

राणीसरकारच्या घरट्यावरून मी घरी कशी धावले ते सांगितलं आणि म्हटलं, मरू दे समिती. मी जाणार नाही.

"जायचं," म्हणाला. आवाज फाटका, पण ऐकू येईल असा. "त्या राणीसरकारमुळे मी इथे आहे. तुझे सर तिला काढून टाकायला निघाले होते ना? जाऊन सांग त्यांना."

मी म्हटलं, बघू. सासूबाई म्हणाल्या, बघू काय बघू, जा, मी आहे इथे. दोघं एक झाली की माझं काही चालत नाही.

शुक्रवार, २८

गेले. कालचेच कपडे, केस कसेबसे बांधलेले. सर दारात उभे होते. कानात म्हणाले, "नको असेल तर मी बोलतो." म्हटलं, मीच बोलेन.

सहाही जोड्या दाखवल्या, राणीसरकार सगळ्यात आधी. आधी जुना थेंब, मग ताजा. अंधार, उजेड. समितीतले एक टकले गृहस्थ पुढे सरकून बसले. म्हणाले, "ही जोडी बाकीच्यांशी जुळत नाही. काढून का नाही टाकलीत? कोणालाही कळलं नसतं."

मला घरचं सांगायचं नव्हतं. म्हणून मी एवढंच म्हटलं, "कारण ती बरोबर होती. चुकत आम्ही होतो."

एक वर्ष मिळालं. मागितलेली तीन नाही, एक, आणि तेही याच कामासाठी: आजारी जोडीदाराचा वास. सर म्हणाले, एक तर एक. खोली हुकूनही बेडूकवाल्यांनी, पेढे नाही तरी बिस्किटं वाटली, म्हणजे मनाने चांगले आहेत. ताईने पहिलवानाला वेगळ्या पिंजऱ्यात मऊ कापूस घालून ठेवलंय. त्याचे फार दिवस नाहीत. पण दुखणार नाही याची डॉक्टर काळजी घेतायत.

तिथून थेट दवाखाना. हा उशीला टेकून बसला होता, सासूबाई भाताचा घास भरवत होत्या आणि हा लाजत होता. मला बघून त्या बाहेर गेल्या. त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "एक विचारू? माझा वास बदलला तेव्हा तुझ्या डोक्यात दिवे लागले होते ना?"

"लागले होते रे. लख्ख लागले होते. मला वाटलं, साबण."

तो हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला. मी उठले आणि त्याच्या मानेशी, कॉलरच्या आत नाक खुपसलं. नर्स सलाईन बदलायला आली होती, ती दारातच थांबली. थांबू दे. मी डोळे मिटून, दोनदा, खोल श्वास घेतला.

काहीच वास आला नाही. मिट्ट.

"आज घरी सोडणार नाहीत," तो म्हणाला. "उद्या सोडतील. मी कुठे झोपायचं?"